शिल्लक आहे, पण पगाराला नाही

पावणेदहा. मार्च 2025. आमची 'क' वर्ग नगरपरिषद. टेबलावर बसल्या बसल्या माझं, लेखापालाचं, पहिलं काम म्हणजे बँकेतली शिल्लक बघणं. पाण्याचं खातं वेगळं, घनकचऱ्याचं वेगळं, दोन्हींत पैसे, पण त्या त्या कामापुरतेच. सर्वसाधारण फंडातून मात्र या महिन्याचा पगारही निघत नाही.

साडेदहा. पथदिव्यांचा ठेकेदार येतो. "साहेब, पंधराव्याचे पैसे पडलेत म्हणे?" जुन्या हप्त्यातले थोडे आहेत. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के बंधित, त्यातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पाण्याला. उरलेल्या अबंधितातूनही पगार काढता येत नाही. त्याचं बिल पुन्हा फाइलीत.

बारा. निवृत्त सफाई कामगार मावशी उपदानासाठी आल्यात. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला आदेश काढून त्या माझ्यासमोर सरळ करतात. नाव बरोबर, रक्कम बरोबर, सही-शिक्का आहे. "भाऊ, यात काय कमी हाय?" कागदात काहीच कमी नाही.

दीड. डबा. खातानाही डोक्यात हेच, की पैसे अडतात कुठे. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये उठली आणि बदल्यात सहायक अनुदान आलं. नाक्यावरची रोजची रोकड गेली, मुंबईच्या आदेशाची वाट बघणं आलं. महापालिकांचं बरं: जीएसटीनंतर त्यांना 2017 च्या कायद्यानं भरपाई, वर्षाला 8 टक्के वाढीसह. आमच्या अनुदानाला असा आधार नाही. खर्चाच्या मागे ते कायम रखडत चालतं.

तीन. जिल्ह्याची व्हीसी. लेखापरीक्षित हिशेब पोर्टलवर चढवले का, उपयोगिता प्रमाणपत्रं कुठंयत? सगळं दिलंय. तरी पुढचे हप्ते अडलेत, कारण वित्त आयोगाच्या निधीला निवडून आलेली सभा लागते. इथं सभेची मुदत संपल्यापासून प्रशासकच आहे. निवडणूक घेणं नगरपरिषदेच्या हातात नाही, दंड मात्र तिलाच. मला हे निव्वळ अन्यायाचं वाटतं.

साडेचार. वसुली पथकाबरोबर बाजारपेठेत. थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजली की गर्दी जमते, आणि कधी कधी चेकबुकही निघतं. महिन्याला 2 टक्के शास्ती चढते, तरी बरेच जण शास्तीमाफीच्या अभय योजनेची वाट बघत बसतात. मोठ्या थकबाकीदारांत दोन सरकारी कार्यालयं आहेत. त्यांच्या दारात हलगी नेत नाही, पत्र देतो. उत्तर ठरलेलं: तरतूद नाही. वर 'स्वउत्पन्न वाढवा' हे परिपत्रक त्याच सरकारचं!

साडेसात. आजचा भरणा जमा. पगाराला अजून पैसे कमी पडतात. करभरणा खिडकी 31 मार्चपर्यंत सुटीच्या दिवशीही उघडी आहे. घरपट्टी भरा. सध्या तरी पगाराला आणि दिव्यांना चालतील असे हातातले पैसे तेवढेच आहेत.