हायब्रिड गाडीचं घोडं अडतं कुठे?

धारणीच्या माणसाने हायब्रिड गाडीसाठी सेमाडोहचा घाट ओलांडून अमरावतीचं शोरूम गाठलं, की ‘वेटिंग आहे’ एवढंच कानावर येतं. का आहे, याचे तर्क मग चहाच्या टपरीवर लढवले जातात. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज : आपल्याकडे चार्जिंगची सोय नाही, मग ही गाडी काय कामाची?
वस्तुस्थिती : टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉससारखी हायब्रिड प्लगला लावावीच लागत नाही. इंजिन चालताना आणि घाट उतरताना ब्रेक लावला की बॅटरी भरते. मात्र गाडीत इंजिन, सायलेन्सरही असतो आणि मोटर, इन्व्हर्टर, बॅटरीही. कारखान्याला दोन्हींचे पुरवठादार सांभाळावे लागतात.

गैरसमज : अख्खी गाडी जपानहून येते, म्हणून उशीर.
वस्तुस्थिती : हायक्रॉस बंगळुरूजवळ बिडदीत तयार होते. तिचा ई-ड्राइव्ह, म्हणजे चाकं फिरवणारी विजेची यंत्रणाही तिथेच बनते. तरीही एप्रिल २०२३मध्ये पुरवठ्याच्या अडचणीमुळे वरच्या दोन व्हेरिएंटचं बुकिंग काही काळ थांबवावं लागलं.

गैरसमज : अडलं तर महागड्या वस्तूवाचूनच अडतं.
वस्तुस्थिती : १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे टोयोटासाठी बनणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह तसा किरकोळ, स्वस्त. पण टोयोटाकडे त्याचा साठा जेमतेम काही तासांचा. जपानमधले टोयोटाचे बहुतेक कारखाने काही दिवस ठप्प झाले.

गैरसमज : मग भरपूर साठा करून ठेवावा, प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : जपानमधल्या २०११च्या भूकंपानंतर टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. त्याने बराच काळ निभावलं. पण आग्नेय आशियात कोरोनाने कारखाने बंद पाडले आणि सप्टेंबर २०२१मध्ये जगभरातलं उत्पादन ठरल्यापेक्षा ४० टक्के कमी करावं लागलं.

गैरसमज : छत्रपती संभाजीनगरला टोयोटाचा कारखाना आला, की वेटिंग संपेल.
वस्तुस्थिती : जुलै २०२४मध्ये राज्य सरकारशी करार झाला, हे खरं. पण मोटरमधल्या ताकदवान चुंबकांना रेअर अर्थ धातू लागतात आणि त्यांच्या शुद्धीकरणावर चीनची पकड आहे. एप्रिल २०२५मध्ये चीनने अशा सात धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आणि भारतातल्या गाडी कंपन्यांची धावपळ उडाली. गाडीची जुळणी संभाजीनगरला झाली, तरी चुंबक बाहेरूनच येणार असेल तर वेटिंगची चावी तिकडेच राहते.