इंजिन तापले तर

वैशाखातील भर दुपारी दारव्ह्याहून यवतमाळला निघालेली एक जुनी पद्मिनी मोटार वाटेत थांबते. बॉनेटखालून वाफ येते. असे का होते?

पद्मिनी मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती मुंबईत २०२३ पर्यंत धावत होती. तिच्या इंजिनात पेट्रोल जळून खूप उष्णता निर्माण होते. पंप इंजिनाभोवती पाणी फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येते आणि पंख्याच्या वाऱ्याने थंड होते. पाणी गळाले, पट्टा तुटून पंप व पंखा थांबला किंवा नळ्या गाळाने बुजल्या, तर इंजिन तापते.

अशा वेळी इंजिन बंद करावे. पण रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरमध्ये दाब असल्यामुळे ते त्याहून अधिक तापते, तरी उकळत नाही. झाकण उघडताच दाब नाहीसा होतो. पाणी एकदम उकळून वर उसळते आणि तोंड, हात भाजतात. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास त्याला तडाही जाऊ शकतो.

म्हणून सावलीत बसून इंजिन पुरते निवू द्यावे. मग जाड फडके धरून झाकण हळूहळू फिरवावे आणि पाणी भरावे. मुलांनो, थोडा वेळ गेला तरी चालेल. हात भाजता कामा नये.