विश्लेषण : पोलिसांच्या ताब्यातून सोने गेले, तर सरकार भरपाई देणार का?

रस्त्यावरील खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. पण सरकारी यंत्रणेच्या चुकीने नुकसान झाले तर सरकारने कधी आणि किती भरपाई द्यायची, हे सांगणारा सर्वसाधारण कायदा देशात आजही नाही.

मग नियम आला कुठून?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० नुसार सरकारवर दावा लावता येतो, पण घटनेपूर्वी जितपत लावता येत होता तितपतच. हा धागा मागे नेला तर थेट ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत पोहोचतो. कोलकात्यातील खिदिरपूर येथे सरकारी गोदीच्या कामगारांनी रस्त्यात लोखंडाचा अवजड तुकडा टाकला, आवाजाने घोडे बिथरले आणि एक जखमी झाला. घोडा पी अँड ओ या जहाज कंपनीचा होता. तिने ३५० रुपये मागितले. गोदीचे काम कोणीही खासगी व्यक्ती करू शकते, म्हणून भरपाई द्या. मात्र 'सार्वभौम' कामात चूक झाली तर दावा चालणार नाही, असे न्यायालयाने १८६१ मध्ये म्हटले. त्या एका घोड्याने घालून दिलेली ही विभागणी पुढे शंभर वर्षे टिकली.

कस्तुरीलाल प्रकरण काय?

सप्टेंबर १९४७. अमृतसरहून मेरठला आलेल्या सराफाला पोलिसांनी चोरीच्या मालाच्या संशयावरून पकडले आणि त्याच्याकडील १०३ तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. पुढे चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. मुद्देमाल सांभाळणारा हेड कॉन्स्टेबलच ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता!

पोलिसांचा निष्काळजीपणा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, तरीही १९६४ मध्ये दावा फेटाळला. अटक आणि जप्ती हे सार्वभौम अधिकार, त्यामुळे सरकार जबाबदार नाही, हे त्यामागचे कारण. विशेष म्हणजे त्याच न्यायालयाने १९६२ मध्ये, उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने पादचाऱ्याला उडवले म्हणून, राजस्थान सरकारला १५ हजार रुपये द्यायला लावले होते. म्हणजे सरकारी जीपने धडक दिली तर भरपाई, सरकारी कोठडीतून सोने गेले तर नाही. सामान्य माणसाला हा फरक पटणे कठीणच.

कायदा का झाला नाही?

विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, कायद्याची शिफारस केली. कस्तुरीलाल निकालातही न्यायालयाने तीच अपेक्षा व्यक्त केली. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली, पण मंजूर झाली नाहीत. ब्रिटनने मात्र १९४७ मध्येच कायदा करून राजसत्तेचे हे कवच बऱ्याच अंशी काढून टाकले होते.

आज स्थिती काय?

न्यायालयांनी वेगळी वाट काढली. निर्दोष सुटूनही १४ वर्षे तुरुंगात राहिलेल्या बिहारमधील कैद्याला १९८३ मध्ये, तर ओडिशातील कोठडी मृत्यूत आईला दीड लाख रुपये १९९३ मध्ये मिळाले. दोन्ही वेळा आधार होता मूलभूत हक्कांचा, आणि तिथे सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही. खड्ड्यांचा आदेशही अनुच्छेद २१ वरच उभा आहे.

मालमत्तेचे नुकसान झाले तर वाट लांबची. आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस, मग दावा. जप्त केलेले खत व धान्य खराब झाल्याच्या आंध्र प्रदेशातील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले, तो निकाल अशा दाव्यात कामी येतो. मात्र कस्तुरीलालचा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा आहे आणि तो औपचारिकपणे रद्द झालेला नाही. सरकारी वकील त्याचा आधार घेऊ शकतात.