सागवनावरचे आकाश

विमाने ओळखण्याचा छंद जडलेल्या गृहस्थाने मुक्कामासाठी आलापल्लीची निवड करावी, हे प्रथमदर्शनी विपरीतच वाटेल. कारण ‘वनवैभव’ या नावाने राखलेल्या अरण्यात उंच वृक्षांनी माथ्यावर अशी दाटी केली आहे की आकाश सलग असे दिसतच नाही, आणि या मुलखाच्या नित्य परिचयाचा विमानतळ म्हणजे नागपूर, तोही रस्त्याने 200 किलोमीटरांहून अधिक दूर. परंतु दुर्मीळता ही केवळ यंत्राच्या घडणीत नसते. ते कोणत्या इलाख्यात कोणत्या कामगिरीवर आले आहे, यावरही ती अवलंबून असते, हे ज्याला उमगले त्याची येथे निराशा होत नाही.

येथील आकाश खऱ्या अर्थाने हेलिकॉप्टरांचे. निवडणुकीचा बंदोबस्त सुरू झाला की शेजारच्या अहेरीहून मतदानयंत्रे व कर्मचारी घेऊन वायुदलाची हेलिकॉप्टरे दुर्गम केंद्रांकडे निघतात. त्यांतले रशियन बनावटीचे ‘एमआय-17’ ओळखण्यास झाडांच्या फटीतून क्षणभर दिसलेली आकृतीही पुरते : स्थूल उदर, माथ्यावर पाच पाती, पोटाखाली न मिटणारी चाके, आणि शेपटीवरचा लहान पंखा डाव्या अंगास. त्याच्या पूर्वीच्या ‘एमआय-8’मध्ये हाच पंखा उजव्या अंगास असे, एवढ्या खुणेवरून दोहोंचा निवाडा करण्यात जाणत्यांना जो आनंद होतो, तो इतरांना समजावून सांगणे कठीण. आपल्या बंगळूरच्या ‘ध्रुव’ला वर चारच पाती असून अंगलटही बेताची. पोलिसांच्या कामी येणारे ‘एच-145’ तर निराळेच. त्याच्या शेपटीचा पंखा एका कड्यात बंदिस्त असतो आणि खाली चाकांऐवजी दोन आडव्या दांड्या असतात. बंदिस्त पंख्यामुळे त्याचा ध्वनी सौम्य, तर ‘एमआय-17’चे जड धडधडणे ते दिसण्यापूर्वीच रानात पोहोचते, म्हणून येथे नेत्रांआधी कर्णांना शिक्षण द्यावे लागते.

पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडची वाट तोडली म्हणजे हेलिकॉप्टरच रुग्णासाठी अथवा अडलेल्या गर्भवतीसाठी धाव घेते. अशा समयी पात्यांची संख्या मोजीत उभे राहणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय नक्षलग्रस्त जिल्ह्यातील हेलिपॅडभोवती कॅमेरा घेऊन घुटमळणाऱ्यास अंमलदारांनी हटकले, तर दोष त्यांचा नव्हे. वही व पेन्सिल, तीही दुरून, एवढ्यावर समाधान मानावे.

जातिवंत दुर्मीळ विमानाचा शोध घ्यायचा, तर मात्र नागपूरचीच वाट धरावी लागते. देशाच्या मध्यावर असल्याचा लाभ या शहराला 1949 साली विलक्षण रीतीने मिळाला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांहून रात्री टपाल घेऊन निघालेली डाकोटा विमाने सोनेगावच्या तळावर एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी आपापल्या शहरी परतत. भर रात्री चार महानगरांची विमाने एका ठिकाणी उभी पाहण्याचे भाग्य तेव्हा टपालखात्याच्या हमालालाही रोज लाभत होते.

त्याच तळावर पुढे एक आश्चर्य घडले. 1991 साली एक चार इंजिनांचे ‘बोइंग 720’ तेथे उतरले आणि मालकाने ते परत नेलेच नाही. ‘बोइंग 707’चे हे आखूड भावंड कंपनीने एकंदर 154च बांधले होते. जेट विमानांच्या आरंभकाळातील हा नमुना धावपट्टीनजीक, ऊनपावसात, कोर्टकचेऱ्यांच्या दफ्तरात अडकल्यागत, दोन तपे निश्चल पडून राहिला. आलापल्लीच्या आकाशात साध्या यंत्राला कामगिरीने महत्त्व येते. नागपूरला यंत्रच असामान्य होते आणि कामगिरी मात्र काहीच उरली नव्हती. 2015 साली ते धावपट्टीजवळून एकदाचे हलविण्यात आले. तोवर किती प्रवासी खिडकीतून त्याच्याकडे दृष्टी टाकून गेले असतील. पण आपण काय पाहिले याची खबर त्यांतील शंभरात एकाला तरी होती की नाही, याची मला शंकाच आहे.