वेदनेचे माप

वेदना डोळ्यांना दिसत नाही. मग औषधाने ती किती उणावली, हे मापावे कसे? इबुप्रोफेन हे दाह व वेदना शमविणारे औषध १९६९ पासून ब्रिटनमध्ये गोळीच्या रूपाने मिळू लागले. परंतु शस्त्रक्रियेनंतर ज्याला घोटभर पाणीही गिळवत नाही, त्याला गोळीचा काय उपयोग? म्हणून ते शिरेतून देऊन पाहिले गेले.

पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढलेल्या ३१९ स्त्रियांवर अशी एक चाचणी झाली. काहींना दर सहा तासांनी ८०० मिलिग्रॅम औषध, इतरांना औषधहीन द्रव. आम्ही नाव झाकून उत्तरपत्रिका तपासतो, तसेच येथेही. कोणाला काय मिळाले, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही अज्ञात!

कळवळणाऱ्या बाईला नुसते पाणी द्यावे, या विचाराने आम्ही क्षणभर अस्वस्थ झालो. पण मॉर्फिन सर्वांनाच गरजेप्रमाणे मिळत होते. ते कोणाला किती लागले, हेच वेदनेचे माप. औषध मिळालेल्यांना ते कमी लागले. २००९ मध्ये अमेरिकेने या औषधाला मान्यता दिली. जठरातील रक्तस्राव व मूत्रपिंडास अपाय यांचे भय मात्र राहतेच.

उद्या आपल्या घरचे कोणी शस्त्रक्रियेनंतर शांत झोपले, तर त्या अनामिक भगिनींचे ऋण आपण स्मरावे.