छाती आणि श्वास, लेखांक ५ : डाग जुना की जागता?

मागच्या आठवड्यात एक्स-रेवरचा डाग पाहिला. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणारा असो की वालीवच्या कारखान्यात राबणारा, असा डाग दिसला की प्रत्येकाला एकच धास्ती असते: हा जुना व्रण आहे, की क्षय आत्ता चालू आहे?

एक्स-रेत बरगड्या, हृदय, फुप्फुस सगळे एकमेकांवर पडते. सीटी स्कॅन छातीचे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे काप दाखवतो, म्हणून उत्तराच्या बरेच जवळ जाता येते.

सर्वांत बोलकी खूण श्वासनलिकांच्या अगदी टोकाला सापडते. निरोगी माणसात तिथल्या नळ्या इतक्या बारीक असतात की सीटीवर दिसतच नाहीत. क्षयात त्यांच्यात घट्ट, पिवळट द्रव्य साचते आणि भरलेली नळी दिसू लागते: बारीक फाटे, त्यांच्या टोकांना छोट्या गाठी, जणू कळ्या धरलेली फांदी. रेडिओलॉजिस्ट याला ‘ट्री-इन-बड’ म्हणतात. कोरियन डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचारांपूर्वीचे आणि नंतरचे सीटी ताडून पाहिले. औषधे सुरू झाल्यावर या कळ्या विरत गेल्या, मागे उरले ते तंतू आणि आक्रसलेला भाग. जागता आजार आणि जुना व्रण यांतला फरक इथे स्पष्ट दिसतो.

दुसरी खूण पोकळीची. बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात, जाड भिंतीची. ती श्वासनलिकेत उघडते, म्हणून तिच्यातले जंतू खोकल्याबरोबर बाहेर पडतात. विरार लोकलच्या गर्दीत वावरणाऱ्या आपल्या भागात ही पोकळी वेळेवर ओळखणे फार मोलाचे आहे. मधुमेह्यांमध्ये मात्र आजार खालच्या भागातही आढळतो. तिथे तो न्यूमोनिया समजला जातो, आणि लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखे औषध दिले तर तात्पुरता उतार पडून निदान लांबते.

जुना व्रण हाडासारखा पांढरा, रेखीव कडांचा असतो. भोवतीचे फुप्फुस त्याच्याकडे ओढले जाते, श्वासनलिका फाकलेल्या दिसतात. तरीही जुन्या व्रणाच्या कडेला नव्या कळ्या असू शकतात. म्हणून जुन्या फिल्म रद्दीत टाकू नका, तपासणीला जाताना सोबत न्या. सहा महिन्यांत न बदललेला डाग आणि महिन्याभरात वाढलेला डाग यांचा अर्थ अगदी वेगळा.

एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते. आपल्याकडे हजारो रुपयांचा सीटी आधी होतो आणि थुंकी तपासायची राहून जाते. ट्री-इन-बड इतर जंतुसंसर्गांतही दिसते. सीटी संशय पक्का करील, पण जंतू कोणता आणि रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे सांगणार नाही. ते थुंकीवरची सीबीनॅट किंवा गोव्यात तयार झालेली ट्रूनॅट तपासणी सांगते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी मोफत आहे. सकाळची, खोल खोकून काढलेली थुंकी द्या. नुसती लाळ उपयोगाची नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाविषयी पुढच्या लेखांकात.