हातातला न्याहाळक : सोयी किती आणि वेग किती?

घरात नवी वस्तू आणताना तिच्यात काय काय आहे, हे आपण आधी विचारतो. ती चपळ चालते की रखडते, हे मात्र वापरू लागल्यावरच उमगते. हातातल्या फोनमधील ब्राउझरच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. ब्राउझर म्हणजे आंतरजालावरील पाने उघडून दाखविणारा प्रोग्रॅम. मराठीत त्याला कोणी ‘न्याहाळक’ असेही म्हणतात. जाहिरातींना आळा घालणे, पासवर्ड लक्षात ठेवणे, पान मोठ्याने वाचून दाखविणे, अशा सोयींची त्यात सतत भर पडत असते. पण प्रत्येक सोयीची किंमत फोनची स्मृती, बॅटरी आणि आपला वेळ यांतून चुकती करावी लागते. म्हणूनच कोणती सोय ठेवावी व कोणती सोडावी, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने तर त्याला आणखी एक बाजू आहे. तिचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

आंतरजालावरील पान तयार चित्राच्या रूपात आपल्याकडे येत नाही. मजकूर, मांडणीच्या सूचना आणि जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतील आज्ञा असा कच्चा शिधा येतो आणि त्याचा स्वयंपाक ब्राउझरला फोनमध्येच करावा लागतो. संगणकाला हे काम जड जात नाही. परंतु दीड-दोन दशकांपूर्वीच्या साध्या फोनची स्मृती इतकी तोकडी असे की, मोठे पान उघडताना तो हमखास अडून बसे.

नॉर्वेमधील ऑपेरा कंपनीने यावर एक युक्ती काढली. ‘ऑपेरा मिनी’ हा तिचा ब्राउझर २००५ साली आला आणि जानेवारी २००६ पासून जगभर उपलब्ध झाला. त्याची रीत अशी की, स्वयंपाक अन्यत्र व्हावा आणि घरी तयार डबा यावा. मूळ पान कंपनीच्या संगणकावर उघडले जाई आणि तेथून आटोपशीर रूपात फोनकडे धाडले जाई. पानाचा भार नव्वद टक्क्यांपर्यंत उतरतो, असे कंपनी सांगत असे. १ जीबी डेटासाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत, त्या काळात ही बचत लहान नव्हती. अर्थात वेगाचे मोलही द्यावे लागलेच. जावास्क्रिप्टवर चालणारी कित्येक पाने त्यात नीट उघडत नसत. शिवाय सारा व्यवहार मध्यस्थ संगणकावर उलगडला जात असल्याने बँकेच्या कामासाठी तो वापरणे शहाणपणाचे नव्हते.

आपल्या वाचकांना अधिक जवळची गोष्ट पुढेच आहे. त्या काळच्या बऱ्याच फोनमध्ये देवनागरी अक्षरेच नव्हती. काचीगुड्याच्या किंवा सुलतान बाजारच्या एखाद्या घरात महाराष्ट्रातील दैनिकाचे पान उघडावे, तो ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांनी भरलेल्या! फोन बनविणाऱ्यांच्या हिशेबी आपली लिपी ही एक वरकड सोय होती आणि स्वस्त फोनमधून ती सहज गाळली गेली. हैदराबादेतील तेलुगू आणि उर्दू वाचकांचीही थोड्याफार फरकाने हीच अडचण होती.

तोड निघाली ती ऑपेरा मिनीतच. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ असे रोमन अक्षरांत लिहिले की एक गुप्त यादी उघडे. तीत जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा एक पर्याय होता. तो निवडला की कंपनीचा संगणक मराठी मजकुराची चित्रे काढून पाठवी आणि चौकोनांच्या जागी वेलांट्या-मात्रांसह शब्द उमटत. मात्र चित्रांमुळे पान जड होई, डेटा अधिक लागे आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविता येत नसे. ज्या ब्राउझरचा जन्मच वेगासाठी झाला, त्याचा वेग मराठी वाचकाने जाणूनबुजून कमी करून घेतला. न वाचता येणारे पान कितीही त्वरेने उघडले तरी त्याचा उपयोग काय?

काटकसर कोठवर ताणावी, याचे दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. मोझिला संस्थेच्या ‘फायरफॉक्स ओएस’ या प्रणालीवर चालणारा ‘इंटेक्स क्लाउड एफएक्स’ हा फोन ऑगस्ट २०१४ मध्ये १,९९९ रुपयांना भारतात विक्रीस आला. त्याची स्मृती अवघी १२८ एमबी होती. तेवढ्यात ब्राउझरच्या तंत्रावर उभा असलेला सारा फोन चालवायचा, म्हणजे चार माणसांच्या भांड्यांत लग्नाचा स्वयंपाक करण्यासारखेच होते. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने अशा फोनची विक्री थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच प्रणालीतून पुढे निघालेली ‘कायओएस’ २०१७ च्या जिओफोनमध्ये आली, तेव्हा स्मृती ५१२ एमबी होती. काटकसरीलाही एक किमान मर्यादा असते, हेच यातून दिसते.

याच मोझिलाचा अँड्रॉइडवरील फायरफॉक्स दोनदा नव्याने घडविला गेला. २०१२ मध्ये त्याचा बाह्य साज बदलून तो चपळ करण्यात आला. २०२० मध्ये पुन्हा नवी बांधणी झाली, तेव्हा पूर्वी चालणारी बहुतेक जोडसाधने गेली आणि आरंभी मूठभरच उरली. जुने वापरकर्ते नाराज झाले. त्या जोडसाधनांचे दार पुन्हा सताड उघडायला डिसेंबर २०२३ उजाडले. उलट गूगलने क्रोममधील डेटा वाचविणारी ‘लाइट’ सोय मार्च २०२२ मध्ये बंद केली. डेटा स्वस्त झाल्याने तिची निकड उरली नाही, असा तिचा युक्तिवाद होता. तात्पर्य, कोणती सोय आवश्यक आणि कोणती वरकड, याचे उत्तर काळ आणि परिस्थिती यांप्रमाणे बदलते. प्रश्न एवढाच की, ते कोणाची गरज पाहून ठरविले जाते.

लिपीच्या बाबतीत आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या २०१६ च्या मानकाने फोनवर २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, असे सांगितले. तरीही अॅबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये वडीलधाऱ्यांसाठी स्वस्त फोन घेताना एक लहानशी परीक्षा अवश्य घ्यावी. ब्राउझरमध्ये एखादे मराठी पान उघडावे आणि ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’ हे शब्द नीट उमटतात की नाही ते पाहावे. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे हिंदीत लागत नाहीत. त्यामुळे हिंदीचे पान दाखवून दुकानदाराने दिलेली ग्वाही आपल्याला पुरेशी नाही.

आमच्या मते क्रम असा असावा : प्रथम लिपी, मग सुरक्षितता, त्यानंतर वेग आणि शेवटी उरलेल्या सोयी. बँकेच्या कामासाठी नियमित सुधारणा मिळणारा पूर्ण ब्राउझर ठेवावा. जुन्या फोनवर उघडी पडलेली पाने वेळच्या वेळी मिटावीत आणि न लागणारी जोडसाधने काढून टाकावीत. मुलांनी घरातील वृद्धांचा फोन ‘हलका’ करण्यापूर्वी ते त्यावर काय वाचतात, हे एकदा त्यांनाच विचारावे. परप्रांतात चार पिढ्या जपलेली भाषा आता पुष्कळ अंशी याच चिमुकल्या पडद्यावर वाचली जाते. तिला वरकड सोयींच्या यादीत जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.